फेरी

हेल्वी म्हणाली, पुंडू, आता अकरा दिवस.
मी म्हटलं, हेल्मेट घाल.

पायलटाने गिऱ्हाइकाला विचारू नये
का जातेस म्हणून.
कुठे, एवढंच विचारावं.
मला वाटलं होतं ती सांगेल दूधसागर,
तेरेखोलचा किल्ला,
नऊ वर्षांत राहून गेलेलं काहीबाही.
ती म्हणाली, मोची.

तर म्हापशाला, बाजाराच्या मागच्या गल्लीत
चपलेचा अंगठा शिवून घेतला.
मग पोदेराची उधारी, एकशे चाळीस रुपये.
तो घेईना,
सायकलवरून उतरेनाही,
नुसता भोंगा दाबत राहिला पों पों,
जणू त्या आवाजातच हिशेब मिटतो.
मग पातळभाजी आणि बन्स,
कोपऱ्यातलं तेच टेबल, ज्याचा एक पाय
दुमडलेल्या बिलावर तोललेला.
हेल्वीने खाली वाकून बिल बदललं.
जुनं फार मऊ झालं होतं.

एप्रिल असल्याने उर्राक होतीच.
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची.
मला गाडी चालवायची होती,
मी मीठ चाटलं.

एका संध्याकाळी रायबंदरहून चोडणला.
फेरीबोट पलीकडे लागली, स्कूटरी उतरल्या,
माशांच्या रिकाम्या पाट्या घेऊन बायका उतरल्या,
आम्ही कठड्याला टेकून तसेच.
परत रायबंदर. परत चोडण.
खलाशाने तिसऱ्यांदा आमच्याकडे पाहिलं
आणि दोर सोडता सोडता काही विचारलं नाही.
तिवरांवर बगळे बसत होते.
ती म्हणाली, आमच्याकडे हिवाळ्यात समुद्र गोठतो,
माणसं चालत पलीकडे जातात.
मी म्हटलं, मग फेरीवाल्याने खायचं काय?
ती इतकी हसली की शेवटी रुमाल काढावा लागला,
आणि रुमाल काढल्यावर
हसणं थांबलं तरी तो तिने खाली घेतला नाही.

मी मस्कतला होतो सात वर्षं, एसी दुरुस्त करायचो.
हे तिला ठाऊक आहे.
शेवटच्या शुक्रवारचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही:
मत्रहच्या बंदरावर एकटाच गेलो,
एक शोरमा खाल्ला, भूक नसताना दुसरा खाल्ला,
आणि ज्या इमारतीचे सगळे एसी माझ्या हाताखालून गेले होते
तिच्यासमोर उभा राहून खिडक्या मोजल्या.
चौऱ्याऐंशी.
घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय आणलंस?
ब्लँकेट, टॉर्च, खजूर दाखवले.
चौऱ्याऐंशी खिडक्या कुठल्या बॅगेतून काढून दाखवणार?

म्हणून चोडणला मी मध्ये बोललो नाही.
चौथी फेरीही होऊ दिली.

आदल्या दिवशी तिची बॅग
गुरुदास भुसाऱ्याच्या काट्यावर ठेवली, तांदळाच्या पोत्याशेजारी.
बत्तीस किलो. चालतात तीस.
बॅग तिथेच फरशीवर उघडली:
आमसुलं, हरमलची मिरची, खाजं,
माझ्या बायकोने दिलेलं मिस्कुटाचं लोणचं
तीन पिशव्यांत बांधून.
आणि तळाशी
ती आली तेव्हाचा लोकरी स्वेटर, राखाडी, गुडघ्यांपर्यंत येणारा.
मी म्हटलं, सोलं काढू का?
नको, म्हणाली, स्वेटर काढ.
अगं, तुझ्याकडे बर्फ.
म्हणाली, बर्फाच्या गावात स्वेटर मिळतात.
गुरुदासने पुन्हा वजन केलं
आणि सवयीने ओरडला, आणखी काय?

मोपाला ती टॅक्सीने गेली. बॅगा होत्या,
मोटारसायकलचं काम नव्हतं.
रात्री अडीचला आमच्या दारावरून गाडी गेली,
ड्रायव्हरने हॉर्न वाजवला,
बायको म्हणाली, गेली.
मी म्हटलं, झोप.

आज मे महिन्याची सहा तारीख.
स्टँडवर पिवळ्या मडगार्डांची रांग, सावली कुणालाच पुरत नाही.
फ्रान्सिस किल्ली शोधायला माझी डिकी उघडतो
आणि सगळ्यांना हाक मारतो,
या रे, बघा, पुंडूकडे लोकर!
हसू देतो.
गिऱ्हाईक येतं, विचारतं, पणजी?
मी म्हणतो, बसा,
आणि डिकी नीट लावून घेतो.